पांढरीची माती

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडाई आणि वद्य एकादशीला तेरचे गोरोबाकाका. आमच्या घरी उन्हाळा मोजला जायचा तो या दोन जत्रांनी. पहिली दारातली, दुसरी तेरणेच्या काठावरची. तेरणा उगवते आमच्याच बाजूच्या बालाघाटात, तेरखेड्याजवळ. त्यामुळं तेरला निघताना आज्जी म्हणायची, ‘खाली जायचंय’. नदी जाते तिकडं खाली, एवढाच तिचा भूगोल. बाजाराला बार्शी, कोर्टाला उस्मानाबाद आणि देवाला तेर. पुण्यामुंबईचा विषय क्वचित निघायचा, तोही कुणी नोकरीला लागलं तर.

येडाईच्या जत्रेत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगर उतरून आमराईकडं निघते आणि वाटेतल्या चुन्याच्या रानात माणसं चुनखडी वेचतात. वेचलेल्या खड्यांचा ढीग होतो आणि त्याच चुन्यानं देवीचं मंदिर रंगवतात, असं सगळे सांगतात. आमच्या लहानपणी या रानाभोवती बैलगाड्यांचं गाव वसायचं. जू खाली टेकवलेलं, बैल सावलीला, गाडीखाली बाळंतिणीसकट अख्खं घर. आता तिथं पार्किंगच्या रांगा असतात आणि ‘आई राजा उदो उदो’ भोंग्यातून येतं. गर्दी कैक पटींनी वाढली आहे. सोलापूर–धुळे रस्ता चौपदरी झाल्यावर तर माणूस सकाळी निघून चुना वेचून संध्याकाळी आपल्या घरी जेवायला. मात्र खडा अजून वाकूनच उचलावा लागतो. लाखो माणसं दरवर्षी मंदिराच्या डागडुजीचं सामान हातानं गोळा करतात, ही व्यवस्था कुणा बांधकाम खात्याला सुचली नसती.

या चुन्याचा आणि तेरचा संबंध माझ्या डोक्यात फार उशिरा जुळला. तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, आणि त्यावर गिलावा आहे. पिढ्यान्पिढ्या कुणी ना कुणी त्याला चुना लावत आलं, म्हणून ते उभं आहे.

तेरला जायचे तेव्हा दोन रस्ते. एक बैलगाडीचा, येडशीवरून. वाटेत रामलिंगाला उतरायचं, कारण तिथं दरीत पाणी आणि सावली. देऊळ खोल खाली, चोहीकडून डोंगर, आणि शिदोरीवर टपलेली वानरं. जटायूची समाधी दाखवायचे, तीही पाहायची. १९९७ मध्ये त्या परिसराचं अभयारण्य झालं. झाडी वाचली हे खरं, वानरांना मात्र आता शिदोरीपेक्षा कुरकुऱ्यांची जास्त ओळख आहे.

दुसरा रस्ता बार्शी लाइटचा. येडशीला गाडीत बसायचं आणि ढोकीला उतरायचं. अडीच फुटांच्या रुळांवरची ही गाडी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभी केली. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. चढावर तिची गती अशी की चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून माणूस परत बसतो, असा विनोद प्रत्येक प्रवासात कुणीतरी सांगायचा आणि प्रत्येक प्रवासात सगळे हसायचे. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाली. नव्या गाडीत बसल्यावर मी एकदा खिडकीतून बोरी शोधल्या, पण दिसायच्या आत येडशी मागं गेली.

तेरमध्ये शिरल्यावर आजोबांचा क्रम ठरलेला असे. आधी गोरोबाकाकांची समाधी, शेजारचा काळेश्वर, मग उत्तरेश्वर, आणि सगळ्यांत शेवटी त्रिविक्रम. या देवळात पायरी उतरल्यासारखा गारवा असतो. पुढं सपाट छताचा मंडप, मागं एका टोकाला गोलाकार होत गेलेली, हत्तीच्या पाठीसारख्या छपराची विटांची इमारत. आत पाय उचललेला त्रिविक्रम. इथं नामदेवांनी कीर्तन केलं, गोरोबाकाका ऐकायला बसले होते, असं आजोबा सांगत, तेही अशा सुरात की कीर्तन गेल्या आठवड्यात झालंय. गोरोबाकाकांनी समाधी घेतली १३१७ मध्ये. त्या वेळीही ते देऊळ सातआठशे वर्षांचं जुनं होतं, याचा पत्ता आजोबांना नव्हता आणि मला तर नव्हताच.

हे कळलं ते पुढं कॉलेजात, लायब्ररीतल्या पुस्तकांतून. हेन्री कझेन्सनं १९०२-०३ च्या पुरातत्त्व खात्याच्या अहवालात तेरवर लिहिलं आणि या देवळाची मूळ ओळख मांडली: हे बौद्धांचं चैत्यगृह. कार्ल्याला, भाज्याला डोंगरात जे कोरलेलं दिसतं, तेच इथं उघड्यावर विटांनी बांधलेलं. अशा उभ्या राहिलेल्या इमारती हिंदुस्थानात बोटावर मोजण्याइतक्या. आंध्रातल्या चेजर्ल्याचं कपोतेश्वराचं देऊळ ही तेरच्या देवळाची जुळी बहीण. काही अभ्यासक तेरचं देऊळ पहिल्यापासून वैष्णवच होतं असंही म्हणतात, पण मला कझेन्सचं पटतं. समोरच्या बाजूला नालाच्या आकाराची ती कमान पाहिली की लेण्यांत फिरलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

आणि चैत्य होतं म्हणजे भिक्खूंचा मठ असणार. भिक्षेला जाणारे, पावसाळ्यात मुक्काम करणारे, व्यापाऱ्यांच्या दानावर चालणारे. सातवाहनांच्या काळातल्या एका मोठ्या विटांच्या स्तूपाचा पायाही तेरच्या उत्खननात मिळाला. तेव्हा हे गाव ‘तगर’ होतं. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपोथीत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलं आहे, आणि तिथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदरात उतरतं असं लिहिलं आहे. पुढं शतकानुशतकं कोकणातले नि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. राज्य कुठलंही असो, बिरुद आमच्या तेरणेकाठचं.

मग तो मठ गेला कुठं? चैत्य आहे, स्तूपाचा पाया आहे, मधल्या खोल्या, कोठारं, भिंती कुठं गेल्या?

गेल्या आमच्या डोक्यावर. शब्दशः. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. तुळ्यांवर चिपा, चिपांवर काटक्या नि पाला, आणि वर हातभर मातीचा थर. ही माती कुठलीही चालत नाही. काळ्या रानाची माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. माळवदाला पांढरी माती लागते, आणि ती मिळते जुन्या वस्तीच्या टेकाडावर, म्हणजे पांढरीवर. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती, खापरं यांची ती मऊ, पाणी न धरणारी माती. दर वर्षी मृगाच्या आधी गाड्या जुंपून लोक पांढरीवर जात, टेकाड खणत आणि माळवदावर नवा थर देत. उरलेली माती खत म्हणून वावरात जाई. तेरसारख्या गावात हे पिढ्यान्‌ पिढ्या चाललं. तगर नगरीचा केवढा भाग अशा गाड्यांतून गेला असेल, त्याचा हिशेब आता कोण करणार?

नात्यातल्या एका आत्याचं घर तेरमध्ये होतं. पावसाळ्याचे पहिले दोन झोडे पडले की तिच्या माळवदाच्या पन्हाळाखाली मणी सापडत. तांबडे, हिरवे, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा. आम्ही ते वाटीत जमवायचो. आत्या म्हणायची, ‘‘काय करतुस रं त्येचं? फेक की तिकडं.’’ तिला ते नवल नव्हतं. तिच्या सासूच्याही वेळी मणी पडत होते. नदीवर पोरं विटांचे तुकडे पाण्यात टाकून तरंगतात का ते पाहायची, आणि काही खरंच तरंगायचे. तेरच्या जुन्या विटांत तूस मिसळलेलं असे, भाजताना ते जळून जाई आणि वीट पोकळ, हलकी होई. हे शास्त्र नंतर वाचलं. तेव्हा पैज लागायची ती चिंचेवर.

या साऱ्या फेकाफेकीत एक माणूस मात्र वेचत होता. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे. पांढरीतून उघडं पडणारं जे जे दिसेल ते त्यांनी जमा केलं: मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, दिवे, शिक्के, हस्तिदंताच्या वस्तू. लोकांनी त्यांना वेडं म्हटलं नसेल असं मी तरी मानत नाही, कारण आमच्याकडं खापरं जमवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पुढं हा हजारो वस्तूंचा साठा शासनाकडं गेला आणि गावात त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, त्यानंतरही उत्खननं झाली. तरी तेर म्हटलं की अभ्यासक लामतुऱ्यांच्या साठ्याकडं येतात, ही गोष्ट मला फार आवडते.

त्या साठ्यातली हस्तिदंताची छोटी बाई पाहण्यासाठी मी माणसांना मुद्दाम तेरला नेतो. इटलीत पाँपेईच्या राखेतून १९३८ मध्ये तशीच एक हस्तिदंती बाहुली निघाली. वेसुव्हियस फुटला इ. स. ७९ मध्ये, म्हणजे ती त्याआधीच तिकडं पोचली होती. तेरची आणि ती, दोघींची ठेवण एका घरातल्या मुलींसारखी. भोकरदनलाही अशीच एक सापडली आहे. पाँपेईची नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तिला पाहायला जगभरची माणसं तिकीट काढून येतात. तिची बहीण आमच्या ढोकीच्या फाट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि शनिवारी दुपारी तिच्यापुढं तुम्ही आणि पंखा, एवढेच असता.

तेव्हा आणि आता मांडायला बसलं की हात आपोआप ‘तेव्हा’च्या बाजूला झुकतो. झुकू द्यावा, पण थोडं तपासून. माळवदाची घरं उन्हाळ्यात गार असायची, खरं आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्या जाड दगडी भिंती नि हातभर मातीची छपरं झोपलेल्या माणसांवर आली. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं गेली. येरमाळ्यातही आम्ही सगळे अंगणात येऊन उभे होतो, गणपती नुकतेच उठले होते. त्यानंतर आमच्याकडं कुणाला माळवदाखाली नीट झोप लागेना. पत्रे आले, मग स्लॅब आला. आणि माळवद गेलं तशी पांढरीची मातीही कुणाला लागेनाशी झाली. तेरच्या टेकाडांना कायद्यानं वाचवलं असं लिहिलं जातं. मला विचाराल तर त्यात पत्र्याचाही वाटा आहे.

आज धोका दुसरा आहे. गाडीनं माती नेणारा माणूस खणताना थांबायचा, मडकं लागलं की बाजूला ठेवायचा. जेसीबीला मडकं दिसत नाही. कारखान्याचा ऊस आल्यापासून चढउताराची रानं सपाट करायची घाई आहे, आणि शेकडो वर्षांत बैलांनी जे नेलं नाही ते एका दुपारी जातं.

आता धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, लेण्यांकडं येतो, कारण तिथं मठ शिल्लक आहे आणि माणसं नाहीत. शहराजवळच्या डोंगरात ही सात लेणी. मोठं लेणं अजिंठ्याच्या विहारांच्या धाटणीचं: मध्ये खांबांचा चौक, बाजूनं राहायच्या खोल्या, मागं गाभारा, आणि गाभाऱ्यात नागफण्याखालचे पार्श्वनाथ. बौद्धांनी खोदली आणि जैनांनी पुढं घेतली, की पहिल्यापासून जैनांची, यावर विद्वानांत वाद आहे. मुनी कनकामर यांनी अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंशात लिहिलेल्या ‘करकंडचरिउ’त ही लेणी येतात. करकंड राजा तेरापुरास येतो. डोंगरात एक हत्ती रोज कमळ आणून वारुळाची पूजा करताना दिसतो. खणल्यावर आत पार्श्वनाथांची मूर्ती निघते. मूर्तीवरची एक गाठ विद्रूप दिसते म्हणून राजा ती फोडायला लावतो, आणि आतून पाण्याचा लोंढा येऊन लेणं भरून जातं. ज्यानं हे लिहिलं त्यानं या लेण्यातली गळती पाहिलेली असणार, याबद्दल मला शंका नाही. पाणी अजून झिरपतं.

माझ्या शाळेच्या दिवसांत त्या खोल्यांत दुपारी शेरडं बसत आणि गुराखी पोरं भाकरी खात. मागं शेवाळलेल्या भिंती, समोर उन्हात पेटलेलं रान. आता तिथं संरक्षित स्मारकाचा फलक आहे, शेरडं नाहीत, आणि खांबांवर बाणांत अडकवलेली नावं आहेत. शेरडांनी एकही नाव लिहिलं नव्हतं.

एकदा इंग्लंडातल्या मठांबद्दल वाचत होतो. तिथला राजा आठवा हेन्री यानं १५३६ ते १५४० मध्ये देशभरचे मठ मोडून टाकले. छपराचं शिसं वितळवून विकलं, दगड लोकांनी गोठ्यांना, कुंपणांना, घरांना नेले. आज तिकडची माणसं हिरवळीवरच्या त्या भिंतींचे फोटो काढतात. पण ट्युक्सबरी नावाच्या गावात लोकांनी मठाचं चर्च राजाकडून ४५३ पौंडांना विकत घेतलं, कारण ते त्यांचं रोजचं प्रार्थनेचं ठिकाण होतं. म्हणून ते चर्च अखंड उभं आहे आणि भिक्खूंसारख्या राहणाऱ्या तिथल्या साधूंच्या खोल्या गेल्या. तेरचं याहून वेगळं काय झालं? चैत्यात त्रिविक्रम आले, पुढं वारकरी आले, कीर्तनं झाली, चुना लागत राहिला. भिक्खूंच्या भिंतींना कुणी नवा रहिवासी मिळाला नाही, त्या माळवदावर चढल्या. बुद्धाचं घर विष्णूनं राखलं म्हणून कुणाला राग येतो, कुणाला अभिमान वाटतो. मी आत्याच्या पन्हाळाखाली बसलेला माणूस, मला दोन्ही जमत नाही. कुणीतरी रोज झाडलं म्हणून राहिलं, एवढं दिसतं.

झाडणाऱ्यांचं प्रेम मात्र अलीकडं फार महागात पडू लागलं आहे. आधी चुना होता. चुना श्वास घेतो, निघतो, पुन्हा लावता येतो. नंतर ऑइलपेंट आला. आमच्या मुलखातल्या कितीतरी जुन्या दगडी देवळांचे कोरीव खांब आज आकाशी, पिस्ता आणि केशरी झाले आहेत. त्यानंतर जीर्णोद्धार आला, म्हणजे गुळगुळीत फरशी, स्टीलचे कठडे, सिमेंटचं शिखर. पैसा आला, भक्ती होतीच, आणि मध्ये थांबवणारं कुणी नाही. उत्तरेश्वराची जुनी कोरलेली लाकडी चौकट संग्रहालयात गेली ते बरं झालं, असं आता वाटतं. देवळात असती तर कुणी श्रद्धेनं तिला चॉकलेटी रंग दिला असता. आजोबांना हे पटलं नसतं. देवाची चौकट देवाच्या दाराला पाहिजे, असंच ते म्हणाले असते, आणि त्यांचंही चूक नाही.

नव्या पोरांकडं पाहून मात्र मला बरं वाटतं. आम्ही कॉलेजात जाऊन जे वाचलं ते त्यांच्या फोनवर आहे. वीरगळ म्हणजे काय, हे माझ्या पिढीला ठाऊक नव्हतं. गावोगाव मारुतीच्या पाराशी, वेशीपाशी ते शेंदूर लावलेले दगड उभे असत, आणि आम्ही त्यांना सरसकट ‘देव’ म्हणायचो. आता आठवीतली पोरगी सांगते की वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई आणि मेलेला वीर, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश.

आमच्या शेजारच्या एका वस्तीवर असाच एक वीरगळ आडवा पडून होता. हौदाशेजारी, चांगला सपाट, त्यामुळं बायका त्यावर धुणं धूत. पाठ वर, कोरीव बाजू मातीत. गेल्या वर्षी तरुण मंडळातल्या पोरांनी तो ओळखला, दोर लावून उलटा केला, माती धुतली आणि पारावर उभा केला. कोरीव काम टवटवीत निघालं, इतकी वर्षं मातीत तोंड खुपसून होता म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी एका म्हातारीनं त्याला शेंदूर लावला. पोरं चिडली. ‘‘आज्जी, असं करायचं नसतं, दगड खराब हुतो.’’ म्हातारी म्हणाली, ‘‘इतके दिस त्येच्यावर धुणं बडवलं, तवा न्हाई झाला खराब?’’

शेंदराचा वाद अजून मिटलेला नाही. त्यात आता वर पत्र्याचं शेड घालायचं की नाही, यावरून मंडळात दोन तट पडले आहेत, आणि धुणं धुवायला दुसरा दगड कोण आणून देणार, असं बायका ग्रामपंचायतीत विचारताहेत.